हायड्रोजनची साक्ष

विश्वाचें वय किती, तें कोणत्या वेगानें प्रसरण पावत आहे, त्यांत डोळ्यांस न दिसणारें द्रव्य किती आणि दिसणारें किती, हे प्रश्न एके काळीं तत्त्वज्ञ आणि पुराणिक यांच्याच वांट्याचे समजले जात. आतां त्यांचीं उत्तरें दशांशचिन्हापुढील आंकड्यांत मिळूं लागलीं आहेत. या मोजमापांत गेल्या कांहीं वर्षांत एका नव्या आशेची भर पडली आहे. विश्वांत सर्वत्र विखुरलेल्या हायड्रोजन वायूच्या क्षीण रेडिओ-लहरी टिपून विश्वाचा अपूर्व असा विशाल नकाशा काढावयाचा आणि त्यावरून विश्वाचे मूळ नियम अधिक बारकाईनें ताडून पाहावयाचे, अशी ती आशा आहे. ती पोकळ नाहीं. परंतु तिच्याविषयीं सामान्य वाचकांकरितां जें लिहिलें जातें, त्यांतील बरेंचसें एक गोष्ट न बोलतां गृहीत धरून लिहिलेलें असतें. ती गोष्ट म्हणजे साक्ष देणारा हायड्रोजन निःपक्षपाती आहे, ही होय. तसा तो नाहीं. आणि तो नाहीं हें ओळखून त्याच्या साक्षीचें मोल कसें ठरवावें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत हा विषय कशाला, असें एखादा वाचक विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, पुराव्याची छाननी हें टीकेचें मूळ कार्य आहे, आणि तें काव्याच्या बाबतींत जितकें अवश्य तितकेंच आंकड्यांच्या बाबतींतहि अवश्य आहे. उलट, आंकड्यापुढें सुशिक्षित मनुष्यहि लवकर मान तुकवितो, म्हणून तेथें टीकेची गरज कांकणभर अधिकच.

प्रथम साक्षीदाराची ओळख करून घेऊं. हायड्रोजनच्या अणूंत एक प्रोटॉन व एक इलेक्ट्रॉन असतो, आणि दोघांनाहि स्वतःभोवतीं फिरण्यासारखा एक गुण असतो. दोघांची दिशा एकच असली म्हणजे अणूची ऊर्जा किंचित् अधिक असते; विरुद्ध असली म्हणजे किंचित् कमी. पहिल्या स्थितींतून दुसरींत अणु उतरला कीं २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ-लहर बाहेर पडते. तिची कंपनसंख्या १४२० मेगाहर्ट्झ आहे. एकटा अणु आपण होऊन हें करावयास सरासरीनें १ कोटि १० लाख वर्षें लावील. परंतु अणूंची गणतीच नसल्यामुळें लहर सतत येत राहते. १९४४ सालीं, हॉलंड देश जर्मनांच्या अमलाखालीं असतांना, व्हान डे हुल्स्ट या तरुण ज्योतिर्विदानें या लहरीचें भाकीत केलें. १९५१ च्या मार्च महिन्यांत हार्वर्ड येथें यूएन व पर्सेल यांनीं ती प्रत्यक्ष पकडली.

विश्व प्रसरण पावत असल्यामुळें दूरच्या वायूपासून निघालेली लहर वाटेंत ताणली जाते. ती आमच्यापर्यंत ३८ सेंटिमीटरची होऊन आली, तर सुमारें ७०० कोटि वर्षांपूर्वीं निघाली असें समजावें. पत्रावरील टपालाच्या शिक्क्याप्रमाणें लहरीची लांबीच तिची तारीख सांगते. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह. त्या एकेक वेगळ्या न पाहतां, आकाशाच्या मोठमोठ्या तुकड्यांतून येणारें एकूण तेज या लांबीवरून क्रमानें मांडीत गेलें, म्हणजे लांबी, रुंदी आणि काळाची खोली अशा तिहेरी मापांचा नकाशा तयार होतो. या कल्पनेचा मोह कोणासहि पडावा असाच आहे.

परंतु या नकाशावर उमटतें काय? विश्वरचनेच्या अभ्यासकाला पाहिजे असतें द्रव्य: सर्व द्रव्य, विशेषतः तें अदृश्य द्रव्य, कोठें दाट आणि कोठें विरळ आहे हें. त्याला मिळतें मात्र हायड्रोजनचें तेज. या दोहोंमध्यें दोन अज्ञात गुणक उभे आहेत. पहिला, त्या काळीं विश्वांत उदासीन हायड्रोजन एकूण किती होता हा; म्हणजे साक्षीदाराचा आवाज केवढा मोठा होता हा. दुसरा, तो वायु दाट वस्तीच्या जागीं द्रव्याच्या मानानें अधिक गोळा झाला होता कीं कमी. म्हणजे साक्षीदाराचा पक्षपात कोणीकडे व किती होता हा. नकाशांतील चढउतार या दोन गुणकांचा आणि द्रव्याच्या खऱ्या चढउतारांचा गुणाकार असतो. तीन संख्यांचा गुणाकार कळला म्हणून त्यांतील एक कळली असें होत नाहीं, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. विश्वाची गोष्ट निघाली म्हणजे मात्र वाचकाला त्याचें विस्मरण होतें.

या बाबतींत संशोधकांचे मूळ निबंध बहुधा त्यांच्या वर्तमानपत्री सारांशांपेक्षां प्रामाणिक असतात. अमेरिकेंतील ग्रीन बँक येथील १०० मीटर व्यासाच्या दुर्बिणीनें टिपलेला हायड्रोजनचा नकाशा ‘विगल-झेड’ या दीर्घिकांच्या मोजणीशीं ताडून २०१३ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. तेथें दिलेली संख्या ०.४३ सहस्रांश अशी असून तींत आंकडेमोडीची अनिश्चितता ०.०७ व पद्धतीची ०.०४ इतकी सांगितली आहे. पण ही संख्या कशाची? वायूचें प्रमाण, त्याचा पक्षपात आणि वायु व दीर्घिका यांचा परस्परमेळ, या तिघांच्या गुणाकाराची. संशोधकांनीं गुणाकार हा गुणाकार म्हणूनच छापला. त्यांतून एक अवयव सोडवून मिरविला नाहीं. शिवाय येथें विश्वाची रचना इतर मार्गांनीं ठरलेली धरून वायूविषयीं अनुमान काढलें आहे, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. एकाच मोजणीतून वायूहि काढावयाचा आणि विश्वहि काढावयाचें, असें दुहेरी उत्पन्न तीतून मिळत नाहीं.

आतां, हे गुणक ठरविणें इतकें कठीण कां? कारण हायड्रोजन हा निर्जीव असला तरी त्याचें चरित्र मोठें घडामोडींचें आहे. पहिले तारे व दीर्घिका यांच्या प्रखर प्रकाशानें विश्वांतील बहुतेक हायड्रोजनचे अणु फुटले. त्यानंतर जो उदासीन राहिला तो मुख्यतः दीर्घिकांच्या आश्रयानें राहिला. परंतु सर्वच दीर्घिका त्याला सारख्या आसरा देत नाहींत. अगदीं लहान समूहांत बाहेरचा प्रखर प्रकाश त्याला टिकूं देत नाहीं. दीर्घिकांच्या अति मोठ्या समूहांत तेथील तप्त वायु त्याला ओरबाडून नेतो. मधल्या आकाराच्या दीर्घिकांत तो टिकतो खरा. पण तेथेंहि त्यापासून तारे बनतात, त्या ताऱ्यांचे स्फोट उरलेल्याला बाहेर फेंकतात, आणि मध्यभागच्या कृष्णविवराभोवतीं उसळणारी ऊर्जा आणखी गोंधळ करते. या प्रत्येक घडामोडीचें गणित अपुरें आहे. अशा साक्षीदाराला, वस्तीची गणना सांग म्हणून उभें केलें, तर तो मध्यम स्थितीच्या लोकांची गणना सांगेल. गरीब आणि अतिश्रीमंत यांच्याविषयीं त्याला फारसें सांगतां यावयाचें नाहीं.

येथवर वाचून ही सारी खटाटोप व्यर्थ आहे असा ग्रह कोणी करून घेईल, तर तो उतावळेपणा होईल. टीकाकाराचें काम साक्ष फेटाळणें हें नसून तिचा कोणता भाग ग्राह्य व कोणता अग्राह्य हें निवडणें होय. हायड्रोजनच्या साक्षीचा एक भाग बऱ्याच अंशीं विश्वसनीय आहे. विश्वाच्या बाल्यांत तप्त द्रव्यांतून ध्वनिलहरी गेल्या आणि त्यांचा ठसा द्रव्याच्या विभागणींत कायमचा राहिला. आजच्या मापानें सुमारें ४९ कोटि प्रकाशवर्षांच्या अंतरावर दीर्घिकांची जोडी सांपडण्याचा संभव थोडा अधिक असतो. ही विश्वाची मोजपट्टी होय. साक्षीदाराचा आवाज मोठा असो वा लहान, पट्टीवरील खूण आपल्या जागेवरून फारशी हलत नाहीं. म्हणून विश्वाचें प्रसरण कोणत्या काळीं किती वेगानें झालें हें हायड्रोजनपासून शिकण्याची आशा बाळगणें योग्य आहे. कॅनडांतील ‘चाइम’ ही दुर्बीण याच हेतूनें उभारली आहे. तिची रचना हलत्या तबकडीची नसून २० मीटर रुंद व १०० मीटर लांब अशा चार स्थिर पन्हाळींची आहे.

परंतु लांबी मोजणें वेगळें आणि वजन करणें वेगळें. द्रव्याचे चढउतार काळाबरोबर किती वाढले, हा वजनाचा प्रश्न आहे, आणि तेथें वायूचें अज्ञान थेट उत्तरांत शिरतें. न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांच्या वस्तुमानाचा प्रश्न तर याहून नाजूक. न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे हें निश्चित असून त्यामुळें लहान अंतरावरील चढउतार किंचित् दबले जातात. हा दबाव थोडा आहे. आणि वायु दीर्घिकांच्या आंत कसा पसरला आहे याविषयींची आपली समजूत थोडी चुकली, तरी तेवढाच फरक उत्पन्न होऊं शकतो. अशा वेळीं वायूविषयींचें एखादें गणित पक्कें धरून न्यूट्रिनोचें वजन सांगणें, म्हणजे तराजूचें पारडें किती जड आहे हें अंदाजानें ठरवून रतीचा हिशेब देण्यासारखें आहे.

या अज्ञानाचा सर्वांत गाजलेला प्रसंग विश्वाच्या पहिल्या पहाटेसंबंधीं घडला. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील निर्जन प्रदेशांत ‘एजेस’ नांवाचा, एका मोठ्या मेजाएवढा, एक साधा अँटेना ठेवून केलेल्या निरीक्षणांचा निष्कर्ष २०१८ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत आला. ७८ मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशाचें तेज सुमारें अर्ध्या केल्विननें उणें पडतें, आणि ही उणीव विश्वजन्मानंतर सुमारें १८ कोटि वर्षांनीं, पहिले तारे उजळले तेव्हांच्या हायड्रोजननें केलेल्या शोषणाची आहे, असें प्रतिपादन करण्यांत आलें. रूढ गणिताप्रमाणें ही उणीव अधिकांत अधिक जेवढी असावी, तिच्या दुपटीहून ती अधिक होती. तेव्हां हायड्रोजनला कोणी तरी अधिक थंड केलें असलें पाहिजे, आणि तें करणारें अदृश्य द्रव्यच असावें, असा तर्क त्याच अंकांत रेन्नन बरकाना यांनीं मांडला.

या तर्काचा सांगाडा सदोष नव्हता, हें न्यायबुद्धीनें कबूल केलें पाहिजे. पहिल्या ताऱ्यांविषयीं आपलें ज्ञान कितीहि तोकडें असलें, तरी त्या अज्ञानाला एक सीमा होती. आणि निरीक्षण त्या सीमेबाहेर गेलें तर कांहीं नवें मानणें भाग होतें. पण सीमा आंखतांना पार्श्वभूमीला विश्वाच्या आद्य प्रारणाखेरीज दुसरें रेडिओ-तेज नाहीं असें धरलें होतें. आरंभींच्या दीर्घिकांनीं किंवा कृष्णविवरांनीं तसें तेज निर्माण केलें असेल, तर अदृश्य द्रव्याला न बोलावतांहि तेवढी उणीव पडूं शकते. ही झाली खगोलाच्या अज्ञानाची बाजू. दुसरी बाजू यंत्राची व आकाशाची. त्या कंपनसंख्येवर आकाशगंगेचें तेज सुमारें दीड हजार केल्विन असतें. त्यांतून अर्धा केल्विन वेंचावयाचा, म्हणजे तीन हजारांत एक. त्याच वर्षीं रिचर्ड हिल्स व त्यांचे सहकारी यांनीं आकाशगंगेचें तेज वजा करण्याच्या रीतीवरच गंभीर शंका घेतल्या. पुढें बंगळूर येथील रामन संशोधन संस्थेच्या संशोधकांनीं ‘सारस’ हें यंत्र कर्नाटकांतील दोन जलाशयांवर तरंगत ठेवून तीच निरीक्षणें पुन्हां केलीं, आणि २०२२ सालीं, ‘एजेस’नें सांगितलेला आकार शेंकडा ९५ हून किंचित् अधिक विश्वासानें त्याज्य ठरतो, असें जाहीर केलें. अदृश्य द्रव्याचा जो शोध लागला म्हणून गाजावाजा झाला होता, त्याचा पायाच अशा रीतीनें डळमळीत झाला.

वजाबाकीचा हा प्रश्न खुद्द महाराष्ट्रांतील एका दुर्बिणीच्या इतिहासांतहि आला आहे. जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी विशाल रेडिओ-दुर्बीण उभी राहिली, तिच्या मूळ हेतूंपैकीं प्राचीन हायड्रोजनचा शोध हा एक प्रमुख हेतु होता. त्या दुर्बिणीच्या आधारें कॅनडा, भारत इत्यादि देशांच्या संशोधकांनीं २०११ सालीं असें मांडलें कीं, विश्वजन्मानंतर सुमारें साठ कोटि वर्षांच्या काळांतील हायड्रोजनचे चढउतार ७० मिलिकेल्विनपेक्षां अधिक नसावेत. २०१३ सालीं त्याच मंडळींनीं तो हिशेब पुन्हां केला आणि ही मर्यादा २४८ मिलिकेल्विनवर नेली. कारण आकाशगंगेचें तेज पुसतां पुसतां शोधावयाचा संकेतहि कांहीं अंशीं पुसला जात होता, हें त्यांच्या पदरीं पडलें. प्रक्षिप्त ओव्या गाळण्याच्या भरांत संपादकानें मूळच्याहि कांहीं ओव्या गाळाव्या आणि मग कवि मितभाषी होता असें प्रस्तावनेंत लिहावें, तशांतलाच हा प्रकार. दक्षिण आफ्रिकेंतील ‘पेपर’ या प्रयोगाच्या २०१५ सालच्या निष्कर्षाचीहि हीच गत झाली. त्याच्या कर्त्यांनीं २०१८ सालीं शुद्धिपत्र काढून तो मागें घेतला. या दोन्ही मंडळींना दोष देण्यापेक्षां त्यांना धन्यवादच दिले पाहिजेत. मर्यादा साडेतीन पटींनीं सैल करून छापणें, हें ती आवळून छापण्यापेक्षां पुष्कळ कठीण काम आहे, आणि शास्त्राचा विश्वास अशाच कामावर उभा राहतो.

मग उपाय कोणता? न्यायालयांत जो, तोच येथें. एकाच साक्षीदाराच्या शब्दावर निकाल न देतां स्वतंत्र पुरावा जोडावा. दीर्घिकांच्या दृश्य प्रकाशांतील मोजणीशीं हायड्रोजनचा नकाशा ताडला, म्हणजे ज्या चुका एकाच यंत्राच्या असतात त्या बहुतांशीं गळून पडतात. ‘चाइम’चें आणि दक्षिण आफ्रिकेंतील ६४ तबकड्यांच्या ‘मीरकॅट’चें पहिलें यश याच मार्गानें आलें. दाट जागेकडे ओढल्या जाणाऱ्या वायूच्या गतीमुळें नकाशाला दृष्टिरेषेच्या दिशेनें जी विकृति येते, तिच्यापासून द्रव्याची वाढ आणि वायूचा पक्षपात यांचें गुणोत्तर काढतां येतें. त्या गुणोत्तरांत साक्षीदाराचा आवाज छेदून जातो, पक्षपात मात्र राहतो. आणि वायूचें प्रमाण स्वतंत्रपणें मोजलें, तर आवाजाचाहि अंदाज लागतो. खोडदच्याच दुर्बिणीनें या कामीं मोठा हातभार लावला आहे. २०२० सालीं आदित्य चौधरी, निसिम काणेकर व जयराम चेंगलूर आदि संशोधकांनीं ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र मिळवून असें दाखविलें कीं, सुमारें ८०० कोटि वर्षांपूर्वींच्या तारे घडविणाऱ्या दीर्घिकेंत सरासरीनें सुमारें १२०० कोटि सूर्यांइतका हायड्रोजन होता. ही सरासरी तेजस्वी व तारे घडविणाऱ्या दीर्घिकांचीच आहे. मंद दीर्घिकांची नव्हे. तरी पण जेथें केवळ तर्क होता तेथें वजन आलें, ही गोष्ट सामान्य नाहीं.

या ठिकाणीं विश्वरचनेच्या अभ्यासकांची एक संवय टीकेस पात्र वाटते. वायूच्या या साऱ्या घडामोडींना ते आपल्या गणितांत ‘उपद्रवी’ राशि म्हणतात, आणि त्या सरासरींत मिटवून टाकतात. गणिताच्या दृष्टीनें ती रीत योग्य आहे. किंबहुना वायूविषयींचें अज्ञान मोकळेपणीं हिशेबांत घेऊन अनिश्चितता वाढूं देणें हें, एकच गणित पक्कें धरून खोटा नेमकेपणा मिरविण्यापेक्षां, शतपट चांगलें. परंतु शब्द मनाला वळण लावतात. ज्याला उपद्रव म्हटलें त्याविषयीं जिज्ञासा उरत नाहीं. वास्तविक तारे कसे बनले, दीर्घिकांना वायूचा पुरवठा कसा झाला आणि तो कां आटला, हा आपल्या स्वतःच्या उत्पत्तीचा इतिहास आहे. ज्याला एक शास्त्र अडथळा समजतें तेंच दुसऱ्या शास्त्राचें धन आहे. आणि दुसऱ्याच्या धनावांचून पहिल्याचें कर्ज फिटावयाचें नाहीं.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथें ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ ही प्रचंड रेडिओ-दुर्बीण उभारली जात असून तींत भारताच्या सहभागासाठीं सुमारें १२५० कोटि रुपयांस शासनाची संमति मिळाल्याचें २०२४ च्या आरंभीं प्रसिद्ध झालें. हा पैसा सर्वांचा आहे, आणि तो अशा कामीं लागावा यांत समाधानच मानावें. पण त्याबरोबर त्या दुर्बिणीच्या नांवानें उद्यां जीं विधानें येतील तीं पारखण्याची जबाबदारीहि सर्वांवर येते. त्यासाठीं उच्च गणिताची आवश्यकता नाहीं. असें विधान वाचनांत आलें म्हणजे वाचकानें तीन प्रश्न विचारावे. सांगितलेली संख्या एकट्या विश्वाची आहे, कीं विश्व आणि वायु यांच्या गुणाकाराची? गुणाकाराची असल्यास वायूचा अवयव मोजून काढला आहे, कीं मानून घेतला आहे? आणि आकाशगंगेचें तेज वजा करतांना मूळ संकेत किती गेला, हें कोणी तपासून पाहिलें आहे काय? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें जेथें स्पष्ट दिलेलीं असतील, तेथें आंकड्याची अनिश्चितता मोठी असली तरी तो आदरानें स्वीकारावा. जेथें तीं नसतील, तेथें आंकडा कितीहि नेमका दिसला, तरी निकाल राखून ठेवावा आणि दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहावी.